डोंबिवलीच्या फडके रोडवरही वर्षातून एक दिवस चित्रे लागावीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईत दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी भरणारा काळा घोडा कला महोत्सव यंदा मी सहकुटुंब पाहिला. वृत्तपत्रांत या महोत्सवाची रंगीत छायाचित्रे दरवर्षी येतात आणि ती पाहून, हा दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांचा सोहळा आहे, आपले तिथे काय काम, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. ती चुकीची ठरली, हे कबूल करावे आणि त्या एका दिवसात सुचलेली एक मागणी आपल्या दैनिकाद्वारे डोंबिवलीकरांपुढे व आमच्या महानगरपालिकेपुढे ठेवावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधी माझ्या अज्ञानाविषयी. मी एकतीस वर्षे एका बँकेच्या फोर्ट शाखेत नोकरी केली. सकाळची जलद लोकल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादाभाई नवरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून चालत शाखा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत, हा क्रम निवृत्तीच्या दिवसापर्यंत मोडला नाही. काळा घोडा हा माझ्या लेखी बसथांबा होता. जहांगीर कलादालनात मी जेमतेम चार-पाच वेळा गेलो असेन. त्यातल्या दोन वेळा पावसाने गाठले म्हणून आडोशाला आणि उरलेल्या वेळी सहकाऱ्याबरोबर तिथल्या समोवार उपाहारगृहात चहा घ्यायला. भिंतीवर चित्रे होती, एवढे आठवते. कोणाची होती, हे आठवत नाही आणि याची मला कधी लाजही वाटली नाही, हे त्याहून वाईट. चित्र पाहण्यासाठी काचेचे दार ढकलून आत जावे लागते आणि आत गेल्यावर तिथे बसलेला माणूस आपल्याकडे पाहतो, हा संकोच माझ्यासारख्या अनेकांना असतो. आपल्याला यातले काही कळत नाही, हे चेहऱ्यावर दिसेल अशी ती भीती असते.

यंदा जायचे ठरले ते सुनेच्या आग्रहावरून. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, त्यामुळे आम्ही शनिवार निवडला. आम्ही सहा जण होतो: मी, पत्नी, माझी ब्याऐंशी वर्षांची आई, मुलगा, सून आणि दुसरीत शिकणारी नात. गिरगावात राहणारी माझी बहीण हुतात्मा चौकात आम्हाला भेटणार होती. नव्या भुयारी मेट्रोने गिरगावहून हुतात्मा चौक हे तिसरेच स्थानक, त्यामुळे ती आमच्या कितीतरी आधी पोहोचून हुतात्मा स्मारकापाशी उभी होती. आईने तिथे चपला काढून हात जोडले. तिचे माहेर गिरगावातल्या चाळीतले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या दिवसांत ती शाळकरी मुलगी होती. त्या चौकातून ती हात जोडल्याशिवाय कधी पुढे जात नाही. तिथून आम्ही आईच्या चालीने काळ्या घोड्याकडे निघालो. तिच्यासाठी घडीचा स्टुल मुलाने पाठीला अडकवला होता आणि दिवसभरात घरून नेलेल्या सर्व वस्तूंमध्ये तोच सर्वांत उपयोगी पडला. रस्त्यावरच्या कोणत्याही उत्सवाला जाणाऱ्या कुटुंबांना मी एकच सल्ला देईन, तो या स्टुलाचा.

महोत्सवाचा मुख्य भाग रॅम्पार्ट रो या रस्त्यावर असतो. पालिकेच्या पाटीवर त्याचे नाव के. दुभाष मार्ग असे आहे. मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा तट इथून जात होता, म्हणून हे नाव. तो तट १८६० च्या दशकात पाडला गेला, तरी गिरगाव-काळबादेवीकडची जुनी माणसे फोर्टाला अजून ‘कोट’ म्हणतात. माझी आईही आपल्या वडिलांविषयी ‘अण्णा कोटात नोकरीला होते’ असेच सांगते. एरवी हा रस्ता वाहनांनी भरलेला असतो. महोत्सवाच्या नऊ दिवसांत तो वाहनांसाठी बंद असतो आणि मला त्या दिवशी जे काही गवसले, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. एकतीस वर्षे ज्या रस्त्याच्या कडेने मी खांदे चोरून चाललो, त्याच्या मधोमध उभे राहून मी पहिल्यांदाच मान वर केली. पिवळसर मालाड दगडातली १८७० ची डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत आणि पलीकडे १९२२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट या वास्तू तेव्हाही तिथेच होत्या. मात्र मागून हॉर्न वाजत असताना माणूस घुमटाकडे पाहत नाही.

प्रवेशद्वारापाशी सुरक्षा तपासणी झाली. तिकीट मात्र नव्हते. या महोत्सवातले कार्यक्रम विनामूल्य असतात, हे मी ऐकून होतो. तरी माझा हात सवयीने पाकिटाकडे गेला आणि नातीने तो पाहिला. आत रस्त्यावर ठिकठिकाणी मांडणशिल्पे होती. काही मला समजली, काही समजली नाहीत. टाकाऊ पत्र्याच्या डब्यांपासून केलेल्या एका मोठ्या पक्ष्याभोवती मी दोन फेऱ्या मारल्या आणि डब्यांवरची जुनी लेबले वाचत बसलो. पत्नीला तेवढ्या वेळात रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची बांबूची परडी आणि मातीची भांडी दिसली होती. गर्दी मोठी होती. त्या गर्दीतले निम्मे लोक कलाकृतीकडे पाठ करून उभे होते, कारण स्वतःचे छायाचित्र काढायचे तर कलाकृतीकडे पाठच करावी लागते. याबद्दल पूर्वी मी चार शब्द कडवट लिहिले असते. परंतु ज्याने स्वतः एकतीस वर्षे त्या रस्त्याकडे पाठ केली, त्याने हा राग किती ताणावा, हा प्रश्नच आहे.

त्यानंतर आम्ही घोड्यापाशी पोहोचलो. ज्याच्यावरून या भागाला नाव पडले, तो पुतळा १८७९ साली उभारला गेला. इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे राजे सातवे एडवर्ड, घोड्यावर बसलेले दाखवणारा तो पुतळा उद्योगपती अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता. १९६५ साली तो तिथून हलवण्यात आला आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. पुतळा गेला तरी नाव राहिले, आणि पन्नासहून अधिक वर्षे काळा घोडा नसलेल्या जागेला मुंबईकर काळा घोडा म्हणत राहिले. २०१७ साली इथे नवा घोडा आला. त्यावर स्वार नाही. आईने लहानपणी मूळ पुतळा जागेवर पाहिला होता. वडिलांना डबा द्यायला कोटात आल्यावर ती त्या घोड्याच्या पायांशी उभी राहत असे. तिने बराच वेळ नव्या घोड्याकडे पाहिले आणि विचारले, ‘यावर एक साहेब बसलेला असायचा. तो कुठे गेला?’ मी १९६५ सालची हकीकत सांगण्यासाठी घसा साफ करीत होतो, तेवढ्यात नात म्हणाली, ‘उतरून जत्रा बघायला गेला असेल, पणजी.’ आईला हे उत्तर इतके पटले, की माझी हकीकत तिने ऐकूनच घेतली नाही.

जत्रा हा शब्द नातीने सहज वापरला, पण तो मला दिवसभर पुरला. ‘कला महोत्सव’ हा शब्द ऐकताच आपण बाहेरची चप्पल बदलतो. जत्रेला माणूस आहे तसा जातो. तिथे पाळणा आवडला तर पाळण्यात बसावे, नाही तर रेवड्या घेऊन घरी यावे. जत्रा कळली का, असे कोणी कोणाला विचारीत नाही. त्या रस्त्यावर नेमके हेच चालले होते. परळहून आलेले एक आजोबा एका अमूर्त चित्रापुढे उभे राहून ‘हे उलटे तर टांगलेले नाही ना?’ असे चित्रकारालाच विचारीत होते आणि तो चित्रकार हसून त्यांना ते चित्र खरोखरच उलटे धरून दाखवीत होता. कलादालनाच्या काचेच्या दाराआड असा संवाद मी तरी ऐकलेला नाही.

जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, ही तिथली वर्षभराची रीत आहे. महोत्सवात ती गर्दीत मिसळून जाते, एवढेच. सोलापूर जिल्ह्यातून आलेला एक तरुण चित्रकार जलरंगातली पाच-सहा निसर्गचित्रे घेऊन तिथे बसला होता. आतल्या भिंतीसाठी अर्ज केला तर पाळी यायला काही वर्षे जातात, असे त्याने तक्रारीच्या सुराशिवाय सांगितले. १९५२ साली उघडलेल्या या दालनाच्या भिंतीवर आपले चित्र लागावे, असे महाराष्ट्रातल्या प्रत्येक चित्रकाराचे स्वप्न असते आणि भिंती मोजक्या आहेत. तोवर पदपथ आहे. माझी सून त्याच्या एका चित्रापुढे थांबली. माळरानावरचे बाभळीचे झाड, मागे उन्हाने पांढरे पडलेले आकाश, एवढेच त्यात होते. ती त्याला विचारीत होती, की ते पांढरे कागदाचे राखले आहे की नंतर रंग लावला आहे. तो म्हणाला, ‘राखलंय मॅडम, जलरंगात पांढरा लावला की मेलं.’ मग त्या दोघांचे ब्रशचे क्रमांक, कागदाची जाडी, ओल्यावर ओले लावण्याचे तंत्र असे काय काय बोलणे सुरू झाले. आमच्या घरात येऊन नऊ वर्षे झाली, तरी हिला हे सारे येते, याचा आम्हाला पत्ता नव्हता. परतताना गाडीत तिने सांगितले, की शाळेत असताना ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत ‘ए’ श्रेणीत उत्तीर्ण झाली होती. पुढे दहावीचे वर्ष आले आणि रंगपेटी माळ्यावर गेली.

त्याच पदपथावर व्यक्तिचित्रे काढून देणारे काही जण होते. बहिणीने आईला आग्रहाने त्यांच्यातल्या एकासमोर बसवले. आईचा विरोध खर्चाला होता. तीनशे रुपयांत महिन्याची कोथिंबीर येते, असे तिचे म्हणणे पडले. तरी ती बसली, आमच्याच स्टुलावर. मी शेजारी उभा राहून पाहत होतो. त्या माणसाने प्रथम कोळशाच्या कांडीने डोक्यापासून खांद्यापर्यंत एक सैल अंडाकृती ओढली, मग तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. नंतर त्याने बोटाच्या पेराने कोळसा पसरवून गालफाडाखालची सावली आणली आणि मऊ खोडरबर चिमटीत टोकदार करून कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, चष्म्याच्या कडेवर उजेड खोदून काढला. त्याने काढण्यापेक्षा पुसलेच अधिक, असे मला वाटले. आई वीस मिनिटे हलली नाही. ती हातात काहीच काम नसताना वीस मिनिटे बसलेली मी यापूर्वी फक्त ग्रहणात पाहिली आहे. भोवती दहा-पंधरा अनोळखी माणसे जमली होती आणि कागदाकडून तिच्याकडे, तिच्याकडून कागदाकडे पाहत होती. चित्र झाल्यावर तिने ते हातभर लांब धरले आणि ‘ही तर आमची आई’ एवढेच म्हणाली. आजी गेली तेव्हा तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. त्या कोळशाच्या चित्रात चाळीतली ती आजी दिसत होती, हे बहिणीलाही जाणवले. तीनशे रुपयांचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुपारी आम्ही डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्याच्या कार्यक्रमात बसलो. तिथली झाडांची सावली वक्त्यांइतकीच उपकारक होती, असे लिहिले तर वक्त्यांनी राग मानू नये. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही बाहेर पायरीवर बसून संपवली. नात मुलांच्या कार्यशाळेत जाऊन कागदाची मासळी करून आली. मुलाने, जो एरवी लॅपटॉपमधून मान काढत नाही, तिला एस्प्लनेड मॅन्शनपाशी नेले. लोखंडी सांगाड्याची ही जुनी इमारत म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम इथे दाखवली गेली. त्या प्रयोगाने भारावून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. ‘म्हणजे पहिला मराठी व्हिडीओ कुस्तीचा होता?’ असे नातीने विचारले. मुलगा म्हणाला, ‘हो, आणि तो एडिट करायला सॉफ्टवेअर नव्हतं.’ माझ्या कार्यालयापासून ही इमारत हाकेच्या अंतरावर होती, आणि हे मला माझ्या मुलाकडून कळावे!

एक अडचणही सांगितली पाहिजे, कारण तिच्याशी माझ्या मागणीचा संबंध आहे. एवढ्या गर्दीत वृद्ध स्त्रीला स्वच्छतागृह शोधणे हे मोठेच काम झाले. जवळच्या एका उपाहारगृहाच्या चालकाने विनंतीवरून सोय करून दिली, म्हणून निभावले. बसायला जागाही मोजक्या होत्या. मी हे कोणावर ठपका ठेवण्यासाठी लिहीत नाही. रस्ता हा मुळात बसण्यासाठी बांधलेला नसतो, तेव्हा तिथे उत्सव करताना बाके आणि स्वच्छतागृहे यांचा विचार चित्रांच्याही आधी करावा लागतो, एवढेच माझ्या लक्षात आले.

आता मागणी. काळा घोडा असोसिएशन ही संस्था १९९८ साली त्या भागाच्या जतनासाठी स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिने हा महोत्सव सुरू केला. उत्सव हे साधन होते. मूळ हेतू त्या परिसरातल्या वास्तू आणि रस्ते जपण्याचा होता, आणि उत्सवातून उभ्या राहिलेल्या पैशातून तिथे जतनाची कामे झालीही. म्हणजे हा एका मोहल्ल्याने स्वतःसाठी सुरू केलेला उपक्रम आहे. पुढे तो साऱ्या मुंबईचा झाला. मग प्रत्येक गावाने आपल्या मोहल्ल्यात तसा आरंभ का करू नये? डोंबिवलीहून सहा जणांचे कुटुंब, त्यात एक ब्याऐंशी वर्षांची बाई, चित्रे पाहायला पन्नास किलोमीटर जाते, हे आमच्या हौसेचे लक्षण आहेच, पण आमच्या गावाच्या उणिवेचेही आहे.

रस्ता बंद करता येत नाही, असे कोणी म्हणू नये. आमच्याच फडके रोडवर दिवाळीच्या पहिल्या पहाटे तरुणाईचा जो पूर लोटतो, त्यात दुचाकीलाही वाट मिळत नाही. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा, जी डोंबिवलीत सुरू होऊन पुढे महाराष्ट्रभर गेली, ती याच भागातून निघते आणि तिच्यासाठी रस्ते बंद ठेवण्यात पोलिसांना व पालिकेला पंचवीस वर्षांहून अधिक अनुभव आहे. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवला, आणि लक्ष्मी रस्ता म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या धाडसाची कल्पना येईल. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते मोकळे ठेवण्याचा उपक्रम केला होता. बंगळूरला कर्नाटक चित्रकला परिषद २००३ पासून कुमारकृपा रस्त्यावर ‘चित्रसंते’ भरवते. संते म्हणजे कानडीत आठवडी बाजार. जानेवारीत एक दिवस तो रस्ता बंद होतो, हजाराहून अधिक चित्रकार आपली चित्रे घेऊन बसतात आणि लोक भाजी घ्यावी तशी चित्रे घासाघीस करून विकत घेतात. माझी बंगळूरची भाची तिथून चारशे रुपयांना घेतलेले बैलजोडीचे चित्र स्वयंपाकघरात लावून बसली आहे. चित्राला दिवाणखानाच लागतो, असे थोडेच आहे?

डोंबिवलीला चित्रकार नाहीत, असेही कोणी म्हणू नये. शहरातल्या शाळांमधून दरवर्षी किती मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसतात, हे चित्रकला शिक्षकांना विचारावे. त्यांचे कागद निकालानंतर कुठे जातात, हेही विचारावे. माझ्या सुनेसारख्या, ‘ए’ श्रेणी मिळवून रंगपेटी माळ्यावर टाकलेल्या बायका प्रत्येक सोसायटीत दोन-तीन तरी निघतील. कुंभारवाड्यातले मूर्तिकार आपल्याला फक्त भाद्रपदात आठवतात. त्यांना शाडूचा गोळा आणि फिरता पाट घेऊन मधोमध बसू द्यावे, म्हणजे सोंड वळताना पाहायला मुले तासभर हलणार नाहीत. रांगोळी काढणाऱ्या बायका, कॅलिग्राफी करणारे तरुण, भजनी मंडळातला पखवाजवाला, पथनाट्य करणारी महाविद्यालयीन मुले हे सगळे इथेच राहतात आणि सकाळच्या लोकलमध्ये माझ्याशेजारी उभे असतात. त्यांच्यासाठी दोन झाडांमध्ये सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे एवढी सामग्री पुरेल.

मात्र काही गोष्टी नसाव्यात, हे आधीच ठरवून घ्यावे. व्यासपीठ नसावे, कारण व्यासपीठ आले की त्यावर बसायला माणसे येतात आणि बाकीच्यांना खाली बसून त्यांच्याकडे पाहावे लागते. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि ‘आपले लाडके’ असे लिहिलेले फ्लेक्स यांना त्या दिवसापुरती रजा द्यावी. ध्वनिवर्धक नकोच. आयोजन कोणत्याही एका पक्षाच्या किंवा मंडळाच्या नावाने नसावे. पालिकेने परवानगी, सफाई, फिरती स्वच्छतागृहे आणि बाके द्यावीत, पोलिसांनी वाहतूक वळवावी आणि बाकीचे शाळा, ग्रंथालये व रहिवाशांवर सोपवावे. रुग्णवाहिकेसाठी एका बाजूने पट्टा मोकळा राखावा लागेल. दुकानदारांना धंदा बुडेल अशी भीती वाटणे साहजिक आहे, तेव्हा त्यांच्याशी आधी बोलावे. दिवाळीच्या पहाटे त्याच रस्त्यावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांपुढे किती रांगा असतात, हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रत्येक चित्राशेजारी चित्रकाराचे नाव आणि दोन ओळी मराठीत, मोठ्या अक्षरांत असाव्यात. माझी आई चष्मा न पुसता वाचू शकेल एवढ्या मोठ्या.

दिवसही सुचवतो. डिसेंबरातला एखादा रविवार, सकाळी सात ते दुपारी एक. ऊन कोवळे असते, शाळांच्या परीक्षा नसतात आणि रविवारी मेगाब्लॉक असल्याने डोंबिवलीकर तसाही घरीच असतो. पहिल्या वर्षी फार कोणी येणार नाही, हे गृहीत धरावे. पंधरा-वीस चित्रे, चार मूर्तिकार आणि एक पखवाज एवढ्यावरही सुरुवात होते. आपल्या दैनिकाने या सूचनेवर वाचकांची मते मागवावीत, विशेषतः फडके रोडवरील रहिवाशांची आणि दुकानदारांची, कारण रस्ता त्यांच्या दाराशी आहे आणि त्यांचा नकार असेल तर दुसरा रस्ता शोधावा लागेल.

आईचे कोळशाचे चित्र काच बसवून दिवाणखान्यात लावले आहे. सुनेने माळ्यावरची रंगपेटी काढली. त्यातल्या बहुतेक वड्या वाळून फुटल्या होत्या, पण पांढरी मात्र जशीच्या तशी होती. बाकी, चिमटे आणि सुतळी आमच्याकडे आहेत आणि स्टुलही आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
डोंबिवली (पूर्व)